गेज लावल्याशिवाय जॉब बाहेर जात नाही : कोल्हापुरात राहून प्रोग्रॅमर होऊ पाहणाऱ्यांसाठी

आमच्या आप्पांचं कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दाराशी एक लाकडी टेबल. त्या टेबलावर गेज, म्हणजे माप तपासायची साधनं, मांडलेले असत. प्लग गेजची एक बाजू भोकात सहज जायला हवी, दुसरी जाता कामा नये. पहिली ‘गो’, दुसरी ‘नो-गो’. कारागीर कितीही जुना असो, त्याचा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, त्या टेबलावरून गेल्याशिवाय पेटीत पडत नसे. पुढे मी पुण्यात बरीच वर्षं प्रोग्रॅमिंग केलं आणि आता कोल्हापुरात बसून तेच करते. या काळात हातातल्या भाषा चार वेळा बदलल्या. टेबलाजवळ पाहिलेली रीत मात्र एकदाही बदलावी लागली नाही.

इंजिनिअरिंगची, बीसीएची मुलं-मुली घरी येतात, विचारतात, त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. डिप्लोमावाले आणि घरी बसून शिकणारेही यात आले.

आधी जॉब ठरवा, भाषा नंतर

“ताई, पायथॉन शिकू की जावा?” हा प्रश्न वाईट नाही, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की तुम्हाला करून काय बघायचं आहे. असं काम निवडा, ज्याचं बरोबर उत्तर तुमच्या जवळच्या कुणाला तरी ठाऊक आहे. मी सगळ्यांना गावातल्या दूध संस्थेचं बिल सुचवते.

सकाळ-संध्याकाळ दूध येतं. लिटर मोजतात, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढतात, दरपत्रकावरून दर लागतो आणि दहा दिवसांनी बिल होतं. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट व ९.० एसएनएफ, गाईच्या दुधाला ३.५ व ८.५ धरून दर बोलला जातो आणि त्याच्या वर-खाली फरक पडत जातो. घरात म्हैस असेल तर “आज फॅट किती लागली?” हे तुम्ही चालायला लागल्यापासून ऐकत आला आहात. तुमच्या प्रोग्रॅमने चुकीचं बिल काढलं तर तुमची आजी ते पाच मिनिटांत पकडेल. नेटवरून उतरवलेल्या तयार प्रोजेक्टला अशी आजी नसते, म्हणून त्यातून फारसं शिकायला मिळत नाही.

संस्थेत सेक्रेटरींची परवानगी घेऊन दोन दिवस नुसतं बसा. लॅपटॉप नको, वही न्या. काय येतं, काय निघतं ते लिहा आणि मग काय काय बिघडू शकतं तेही लिहा: दूध नासलं, फॅटचं मशीन बंद पडलं, मधेच वीज गेली, एकाच घरात दोन खाती आहेत, एकाच नावाचे तीन उत्पादक आहेत. शेवटी एका उत्पादकाचं दहा दिवसांचं बिल हाताने काढा आणि तो कागद जपून ठेवा. तोच तुमचा पहिला गेज.

आता भाषेबद्दल. पायथॉन १९९१ ची, जावा आणि जावास्क्रिप्ट दोन्ही १९९५ च्या. तिन्हींत पोट भरणारे लाखो लोक आहेत. एक घ्या आणि वर्षभर सोडू नका. त्याच्या जोडीला खालच्या थरातल्या गोष्टी शिका, कारण त्या फार हळू बदलतात. तक्त्यांत माहिती ठेवायची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली आणि त्यातून आलेली एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला माहिती विचारायची भाषा, आजही रोज लिहावी लागते. टर्मिनलवरच्या कितीतरी आज्ञा युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरुवातीच्या काळातल्या आहेत. दूध संस्थेच्या कामाला डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट भरपूर झालं. ते २००० साली आलं, तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे आणि २०५० पर्यंत ते सांभाळायचा त्याच्या कर्त्यांचा जाहीर इरादा आहे. कुठलं तंत्र टिकेल याची चिंता करण्यापेक्षा जे टिकून दाखवलेलं आहे त्याच्यावर पहिलं वर्ष घालवा.

पैसे, नावं, मापं

हा भाग जरा रेंगाळून लिहिते, कारण नवख्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात आणि अभ्यासक्रमात त्या फारशा येत नाहीत.

पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा. उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येईल. यंत्र बिघडलेलं नाही. आपण दशमानात जो ०.१ लिहितो तो यंत्राला द्विमानात नेमका लिहिता येत नाही. एक तृतीयांश आपल्याला दशमानात नेमका लिहिता येत नाही, तसंच. म्हणून पैशाचा हिशेब अपूर्णांकात ठेवायचा नाही. रक्कम पूर्णांकात, पैशांमध्ये ठेवा, किंवा नेमक्या दशमान हिशेबासाठी भाषेने दिलेला वेगळा प्रकार वापरा. पूर्णांक कुठे करायचा हेही आधी ठरवा. पायथॉन ३ मध्ये २.५ चा पूर्णांक २ येतो आणि ३.५ चा ४. बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या ती जवळच्या सम संख्येकडे नेते. सेक्रेटरींचा कॅल्क्युलेटर असं करत नाही. ३०० उत्पादक, दिवसातून दोन वेळा, दहा दिवस, म्हणजे ६००० नोंदी. प्रत्येक नोंदीत एक पैसा इकडे-तिकडे झाला तर बिलाच्या बेरजेत ६० रुपयांचा फरक येतो आणि तो शोधत कुणीतरी रात्री बारापर्यंत बसतं. रक्कम लहान आहे, पण गावात संस्थेवरचा विश्वास अशा रकमांवर उभा असतो.

नावांबाबतची चूक माझी स्वतःची आहे. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत पावती छापायचं काम माझ्याकडे होतं. नावासाठी ३० बाइटची जागा ठेवली. चाचणी घेताना सगळी नावं इंग्रजी लिपीत टाकली आणि सगळं नीट छापलं. खऱ्या पावत्या मराठीत निघाल्या तेव्हा आडनावं गायब झाली आणि काही नावांच्या शेवटी चौकोन उमटले. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं असतात. ‘ज्ञानेश्वर’ या एका नावात दहा चिन्हं आहेत. तीस बाइट तिथेच संपले. ‘कोल्हापूर’ घ्या: आपल्या डोळ्याला अक्षरं चार, यंत्राला चिन्हं नऊ, बाइट सत्तावीस. लोकांनी त्या पावत्या हातात घेऊन स्वतःचं अर्धवट नाव वाचलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक चाचणीत पहिलं नाव मराठी असतं.

आणि मापं. पावसाळ्यात आपण सगळे सकाळी उठून एकच विचारतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. यावर छोटा प्रोग्रॅम लिहायला सांगितलं की दहातले नऊ जण ‘३९ फूट १० इंच’ हा आकडा ३९.१० असा साठवतात. यंत्र तो ३९.१ वाचतं, म्हणजे ३९ फूट आणि साधारण एक इंच. नऊ इंच पाणी हिशेबातून नाहीसं झालं. सगळं इंचांत ठेवा, ३९ फूट म्हणजे ४६८ आणि ४३ फूट म्हणजे ५१६, आणि दाखवताना फूट-इंच करा. एकके मिसळल्यामुळे १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान हातचं गेलं. एका बाजूचा प्रोग्रॅम पौंडात बोलत होता, दुसरी बाजू न्यूटन समजत होती. म्हणून चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावातच एकक लिहा: ‘पातळी’ नको, ‘पातळी_इंच’ हवं. ‘रक्कम’ नको, ‘रक्कम_पैसे’ हवं.

गेज म्हणजे टेस्ट

पाणीपातळीचाच प्रोग्रॅम पुढे नेऊ. तो तपासायला २० फूट आणि ५० फूट टाकून बघणं म्हणजे भोकात बोट घालून बघणं. चूक हद्दीवर असते. ३८ फूट ११ इंच, बरोबर ३९, ३९ फूट १ इंच, ४२ फूट ११ इंच, बरोबर ४३. मग शून्य, रिकामी नोंद आणि इंचांच्या जागी १२. यातली प्रत्येक गोष्ट एक छोटी टेस्ट म्हणून लिहून ठेवा, म्हणजे कोडला हात लावला की सगळ्या टेस्ट एका आज्ञेत पुन्हा चालतील.

टेस्ट लिहिताना एक प्रश्न आपोआप समोर येतो: पाणी बरोबर ३९ फुटांवर आलं तर इशारा द्यायचा, की ३९ ओलांडल्यावर? हे प्रोग्रॅमरने मनाने ठरवायचं नसतं. ज्यांचं ते काम आहे त्यांना जाऊन विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. माझ्या मते टेस्टचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. बग पकडणं त्याच्या नंतर येतं.

दूध बिलासाठी पहिली टेस्ट तुमच्याकडे तयारच आहे, तो हाताने केलेला कागद. कुणी नवी चूक दाखवली की आधी ती चूक पकडणारी टेस्ट लिहा, ती नापास होताना डोळ्यांनी पाहा, मग दुरुस्ती करा. जी टेस्ट कधी नापासच झालेली नाही तिच्यावर फार विश्वास टाकू नका. गेजच झिजलेला असू शकतो.

ड्रॉइंगवरचा रिव्हिजन नंबर

उद्यमनगरात प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजन नंबर असतो. एकदा आमच्याकडे एका पार्टीचं जुनं ड्रॉइंग टेबलावर राहून गेलं आणि त्यावरून पूर्ण लॉट निघाला. सगळा भंगारात गेला. आप्पा रागावले नाहीत. जुनी ड्रॉइंग ठेवायला त्यांनी वेगळी फाइल केली आणि प्रत्येक बदलापुढे तारीख आणि कारण लिहायला लावलं.

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची तशीच फाइल. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. पहिल्या आठवड्यात पाच-सहा आज्ञा पुरतात. सवय महत्त्वाची: एका कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या एका नोंदीत, एकच बदल आणि संदेशात ‘का’. ‘दुरुस्ती’ असं लिहून काही कळत नाही. ‘अर्ध्या पैशाचा पूर्णांक वर नेला, कारण संस्थेच्या ठरावात तसं आहे’ असं लिहिलं तर दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला तुम्हाला फोन करावा लागत नाही. संदेश मराठीत लिहिलेत तरी बिघडत नाही. टीममध्ये परभाषक आले की इंग्रजीत लिहा.

लहान कमिटचा फायदा अडचणीत कळतो. हजार कमिट मागे कधीतरी प्रोग्रॅम चालत होता आणि आज चालत नाही, तर ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा मधोमधचा कमिट काढून विचारते, हा चालतो का? प्रत्येक उत्तराला अर्धे गळतात, म्हणून साधारण दहा प्रश्नांत गुन्हेगार सापडतो. कमिट लहान असेल तर चूक डोळ्यांसमोर असते. त्यात चाळीस फायली असतील तर शोध तिथून पुन्हा सुरू.

बिघडलं की काय करायचं

एररचा संदेश पूर्ण वाचा. मराठी माध्यमातून आलेली मुलं लाल इंग्रजी ओळी दिसल्या की खिडकी बंद करतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या ओळींतली इंग्रजी अवघड नसते. तेच ते शब्द फिरून फिरून येतात. महिनाभर एका वहीत संदेश उतरवा, शेजारी मराठीत अर्थ आणि खाली खरं कारण. वही भरायच्या आत भीती जाते.

मग क्रमाने जा. चूक हमखास पुन्हा घडवता येते का ते बघा. ती घडवणारा सर्वांत छोटा डेटा शोधा. ६००० नोंदींतून कमी करत एकीवर या. एका वेळी एकच गोष्ट बदला. तासभर अडकलात तर दुसऱ्याला विचारा, पण विचारताना काय अपेक्षित होतं, काय घडलं आणि तुम्ही काय काय करून पाहिलं हे तिन्ही लिहा. निम्म्या वेळा लिहिता लिहिताच उत्तर मिळतं.

एआयला विचारायला माझी हरकत नाही, मीही विचारते. पण पहिले सहा महिने आधी स्वतः लिहा आणि मग त्याचं उत्तर ताडून बघा. त्याने दिलेला कोड बाहेरून करून आणलेल्या जॉबसारखा समजा: दिसायला गुळगुळीत असला तरी टेबलावर घ्यायचा, गेज लावायचा आणि प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता आली तरच पेटीत टाकायचा.

बॅकअप आणि लोकांची माहिती

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका दुकानाचा हिशेबाचा संगणक बुडाला. बॅकअप होता, मीच लावून दिलेला. पण ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. तेव्हापासून मी तीन प्रती ठेवते, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक गावाबाहेर. आणि दर महिन्याला बॅकअपवरून एकदा सगळं परत उभं करून बघते. परत उभा करून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

उत्पादकांचे फोन नंबर, बँक खाती ही दुसऱ्याची ठेव आहे. सरावासाठी घेतलेला खरा डेटा गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) टाकू नका, बनावट नावं वापरा. पासवर्ड जसाच्या तसा साठवू नका. एसक्यूएलमध्ये वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर थेट जोडू नका, तो पॅरामीटर म्हणून वेगळा द्या. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

नोकरी

कोल्हापुरात राहायचं की पुण्याला जायचं, याचं एकच उत्तर मला देता येत नाही. मी दोन्ही केलं. पुण्यात मोठ्या टीममध्ये इतरांचा कोड वाचायला मिळाला आणि ते शिक्षण इथे मिळालं नसतं. इथे काम करताना ज्याच्यासाठी लिहिते तो माणूस शिरोलीच्या एमआयडीसीत, अर्ध्या तासावर असतो आणि मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहू शकते. ते पुण्यात नव्हतं.

पहिल्या नोकरीत मात्र पगारासोबत तीन गोष्टी विचारा. माझा कोड कुणी वाचणार आहे का? टेस्ट आहेत का? चूक सर्व्हरवर गेली तर पुढे काय होतं, कारण शोधतात की माणूस शोधतात? पहिल्या दोन वर्षांत तुमचा कोड कुणी अनुभवी माणूस ओळीगणिक वाचणार असेल तर थोडा कमी पगार परवडतो. नोकरी देण्यासाठी पैसे मागितले तर उठून या. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणाले तरी उठून या. बॉन्ड असेल तर घरी आणून, सगळं वाचून मगच सही करा.

मुलाखतीला दूध बिलाचा प्रोग्रॅम घेऊन जा. त्यात काय चुकलं होतं, कुणी दाखवलं, कसं सुधारलं, हे सांगा. मी मुलाखती घेते तेव्हा अशी गोष्ट सांगणारा उमेदवार वीस तयार प्रोजेक्टवाल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतो. इंग्रजी अडखळली तरी चालते, पण वाचायची इंग्रजी हवीच. त्यासाठी रोज कुठल्याही एका साधनाच्या अधिकृत दस्तऐवजाचं एक पान वाचा. मुक्तस्रोत प्रकल्पांतही अशीच सुरुवात होते. दस्तऐवजातली चूक सुधारा, फायरफॉक्स किंवा लिबरऑफिसच्या मराठी मजकुरात हातभार लावा. तुमचा बदल अनोळखी माणसाने तपासून स्वीकारला की आत्मविश्वास येतो, आणि नाकारला तर कारण मिळतं.

शेवटची पायरी: हातात द्या आणि गप्प बसा

प्रोग्रॅम झाला, टेस्ट पास झाल्या. आता तो खऱ्या माणसाच्या हातात द्या आणि शेजारी बसा. काही समजावू नका. तो अडखळला तर कुठे, हे वहीत लिहा.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने करवीर तालुक्यातल्या एका संस्थेसाठी असा प्रोग्रॅम केला. पडदा सुंदर होता, रंगीत बटणं, यादीतून नाव निवडायची सोय. संध्याकाळच्या दुधाला आम्ही दोघी तिथे बसलो. रांग दारापर्यंत. सेक्रेटरींचा डावा हात सतत मापावर आणि किटलीवर, उजवा आकड्यांच्या कळांवर. माउस धरायला हात मोकळाच नव्हता. नाव ते बघतच नव्हते. उत्पादकाचा खाते नंबर त्यांना तोंडपाठ होता. नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ, एंटर, पुढचा. पाचव्या माणसाला त्यांनी प्रोग्रॅम बंद केला आणि रजिस्टर उघडलं.

ती मुलगी घरी येईपर्यंत बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बटणं काढून टाकली, सगळा पडदा उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर चालेल असा केला आणि रविवारी आम्ही पुन्हा त्याच वेळेला गेलो.